'देगा' हिंदी नव्हे! जुनी कविता वाचताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी रविवारी चार-सहा जण गाथा उघडून बसतो. मध्यंतरी पुतण्याने विचारलं, "काका, 'लहानपण देगा देवा' हे हिंदी ना? म्हणजे देव देईल?" सगळे हसले, पण चूक त्याची एकट्याची नाही. इथे शाळा हिंदी, बाजार हिंदी आणि घरातली मराठीसुद्धा 'तो येऊन राहिला' अशी. तुकोबांची काही पदं हिंदीत आहेतच. हे मात्र अस्सल मराठी. 'दे' आणि 'गा' हे दोन शब्द. 'गा' म्हणजे 'रे'सारखी हाक. छापताना जोडले गेले, इतकंच.

अवघड शब्द फारसे फसवत नाहीत. 'पीयूष' अडलं की माणूस मुकाट कोश काढतो. फसवतात ते ओळखीचे वाटणारे. 'सुंदर तें ध्यान' यातलं ध्यान म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे, हिंदीतलं लक्ष नव्हे, आणि आपण टिंगलीत म्हणतो ते 'काय ध्यान आहे!' तर नव्हेच. ती मनात आणायची मूर्ती. पसायदानातली 'भूतां' म्हणजे प्राणिमात्र. 'व्यंकटी सांडो' यात काही लवंडायचं नसतं; दुष्टांचा वाकडेपणा सुटावा, एवढंच मागणं. मोरोपंतांचं 'विषय सर्वथा नावडो' ऐकून गणिताला कंटाळलेली पोरं खूश होतात. तिथे विषय म्हणजे इंद्रियांचे भोग.

दुसरी चूक टिंबांची. 'येणें वाग्यज्ञें तोषावें' यातलं 'येणें' म्हणजे येणं-जाणं नव्हे, 'या' यज्ञाने. 'देवें' म्हणजे देवाने. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार गेले, म्हणून आपल्याला ती टिंबं शाईचे डाग वाटतात. जुन्या छापील प्रतीत ती अर्थ सांगतात: 'ते' म्हणजे ते लोक, 'तें' म्हणजे ते मूल. टिंबं गाळलेली पसायदानं मोबाइलवर फिरतात. ती म्हणायला ठीक, अभ्यासाला घेऊ नका.

कोशात शब्दच नाही, ही तक्रार नेहमीची. 'तोषोनि' तसंच्या तसं मिळणार नाही. शेपूट काढून 'तोषणें' शोधा. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्हींत क्रियापदं टिंबासकट 'णें' अशी आहेत. फोनवर 'सांडणे' टाइप करून हात हलवत परत येण्यापेक्षा 'सांड' एवढंच टाका आणि खाली पाहत जा. मिळालेला पहिलाच अर्थ उचलून पळू नका.

शब्दांची वही अकारविल्हे लावायचा उद्योग मी दोन वर्षं केला. वही भरली, ओवी होती तिथेच अडली. आता अख्खी ओळ उतरवतो आणि नडलेल्या शब्दाखाली रेघ मारतो. सार्थ प्रतीचंही तसंच: आधी अर्थ वाचला की ओवी नुसती डोळ्यांखालून सरकते. खालचा अर्थ पोस्टकार्डाने झाका, आपलं गद्य मांडा, मग कार्ड उचला.

आणि सुरुवात ज्ञानेश्वरीपासून नको. ती 1290ची, तुकोबा तिच्यापेक्षा साडेतीनशे वर्षं अलीकडचे, त्यांची मराठी आपल्या कानाला जवळची.

आमच्यातले एक आजोबा लहानपणापासून पसायदान म्हणतात. 'चला कल्पतरूंचे आरव' यातलं 'चला' त्यांना कायम 'चला, निघू या' असंच वाटत आलेलं. इथे चला म्हणजे चालते, आरव म्हणजे बागा. संत हे कल्पतरूंच्या चालत्या बागा. त्याच ओवीत पुढे 'बोलते जे अर्णव' आहेत, बोलते समुद्र. जोडी लक्षात आल्यावर आजोबांनी ओवी पुन्हा म्हटली, या वेळी 'चला'पाशी न थांबता.