टाईप दाखवणारं टूल सुधारायला घेताय? या चुका टाळा

बेळगावच्या टिळकवाडीत आम्ही चौघं दर रविवारी बसतो आणि एक छोटं टूल सांभाळतो, जावा या प्रोग्रामिंग भाषेतला कोड कंपाईल करून तयार झालेली क्लास फाईल त्याला दिली की आत कुठले टाईप, कुठल्या मेथड, कुठले फील्ड आहेत ते वाचता येईल असं दाखवतं. पुढच्या व्हर्जनमध्ये काय काय घालायचं याची यादी करताना झालेल्या चुका लिहितोय, कारण निपाणी-खानापूरकडची पोरंही आता असली टूलं लिहायला लागलीयत, त्यांचे महिने वाया जाऊ नयेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सोर्स कोड समोर ठेवून यादी करणं. सोर्समध्ये दिसतं ते सगळं क्लास फाईलमध्ये असतंच असं नाही, आणि असलं तरी भलत्याच जागी असतं. जेनेरिक्सचंच बघा, म्हणजे लिस्टमध्ये कुठल्या टाईपच्या गोष्टी आहेत ते सांगायची सोय, जावा 5 पासून आहेत, पण मेथडच्या डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे ती काय घेते-देते हे सांगणाऱ्या छोट्या खुणेत, 'स्ट्रिंगची लिस्ट' नुसती लिस्ट म्हणून उरते. आम्हाला वाटलं माहिती गेलीच, म्हणून ते फीचरच यादीतून काढलं! दोन महिन्यांनी कळलं, डिक्लेरेशनचा पूर्ण टाईप जास्तीच्या माहितीच्या एका कप्प्यात, म्हणजे 'सिग्नेचर' नावाच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये वेगळा लिहिलेला असतो, तेवढा वाचायचा. तेव्हापासून यादीत काही घालायच्या आधी जेडीकेसोबत (जावाचं डेव्हलपमेंट किट) येणारं जावापी (javap) हे क्लास फाईल उलगडून दाखवणारं टूल व्हर्बोस ऑप्शन लावून चालवतो आणि ती गोष्ट फाईलमध्ये आहे का ते डोळ्यानं बघतो. पॅरामीटरची नावं 'नेहमी दाखवू' असं तर कबूलच करू नका, कंपाईल करताना पॅरामीटर्सचा किंवा डीबगचा ऑप्शन दिला नसेल तर ती फाईलमध्ये नसतातच.

नवीन जावाची फाईल आली की टूल पडतं? रेकॉर्ड (नुसता डेटा धरणारे क्लास) जावा 16 मध्ये पक्के झाले, सील्ड क्लास (ठरावीक क्लासनाच एक्स्टेंड करू देणारे) 17 मध्ये, दोघांची अ‍ॅट्रिब्यूट नवीन. ओळखीचं नसलेलं अ‍ॅट्रिब्यूट दिसलं की एरर देऊ नका, त्याची लांबी 4 बाइटमध्ये आधीच दिलेली असते, तेवढं ओलांडून पुढं जा, फक्त 'हे वाचलं नाही' अशी एक ओळ दाखवा, लपवू नका.

नावं एकेक घर सरकलेली दिसली तर कॉन्स्टंट पूल, म्हणजे फाईलमधली नावं आणि आकडे ठेवायची नंबरवार यादी, तपासा, लाँग आणि डबल तिथं दोन-दोन जागा घेतात.

आणि आमच्याकडची खास अडचण. कन्नड मीडियमच्या एका मित्राने क्लासचं नाव कन्नड लिपीत 'विळास' ठेवलं, म्हणजे पत्ता. जावाला ते चालतं. डोळ्याला तीन अक्षरं, युनिकोडमध्ये पाच कॅरेक्टर, फाईलमध्ये 15 बाइट, आणि आम्ही कॉलमची रुंदी बाइट मोजून ठरवलेली, त्यामुळं अख्खा तक्ता वाकडा. देवनागरीतही तेच होतं, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. आता टेस्टमध्ये एक कन्नड आणि एक मराठी नावाची क्लास फाईल कायमची ठेवलीय, प्रत्येक बदलानंतर आधी त्या दोन चालवतो.