लेखकाच्या कागदांची आवराआवर: या चुका टाळा

लेखक गेल्यावर दिवसकार्य आटोपते, पाहुणे पांगतात आणि मग घरातले कोणीतरी त्यांच्या खोलीतील कपाट उघडते. सुवाच्य अक्षरातील अंतिम प्रत जपून बाजूला ठेवली जाते. खाडाखोडीने भरलेले, पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेले, एकाच प्रवेशाचे चार-चार खर्डे मात्र रद्दीत जातात. वस्तुतः अंतिम प्रत बहुधा छापून झालेली असते आणि ती ग्रंथालयात कोणालाही मिळते. एखादे स्वगत लेखकाने कुठे तोडले, कोणते पात्र आधी होते आणि नंतर का गाळले, हे केवळ त्या खर्ड्यांतच उरलेले असते. म्हणून पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घाईने केलेली ही निवड.

वि. वा. शिरवाडकर आणि वसंत कानेटकर यांच्या नाशिकमध्ये ही गोष्ट विशेष गांभीर्याने घ्यायला हवी, कारण नाटकाची संहिता लेखकाच्या टेबलावर पूर्ण होत नाही. ती तालमीत बदलते. दिग्दर्शकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा, प्रॉम्प्टरच्या प्रतीतील काटछाट, प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवलेली प्रत आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी काढलेल्या कार्बन प्रती वरवर सारख्या दिसतात, पण त्या चार निरनिराळ्या संहिता असू शकतात. ‘एक प्रत पुरे’ असे म्हणून त्यातील तीन टाकू नयेत. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेल्या वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींच्या बाबतीत तर शोध घराबाहेरही घ्यावा लागतो, कारण त्यांची गाणी इतर गायकांच्या वह्यांतही उतरलेली असतात.

दुसरी चूक विषयवार लावण्याची. पत्रे एकीकडे, कविता दुसरीकडे, कातरणे तिसरीकडे अशी मांडणी नीटनेटकी दिसते, परंतु एका वहीत खोचलेले तारीख नसलेले पोस्टकार्ड त्या वहीमुळेच ओळखता येते, आणि वहीपासून सुटले की ते मुके होते. हात लावण्यापूर्वी प्रत्येक कप्प्याचे छायाचित्र काढावे, गठ्ठे आहेत त्याच क्रमाने ठेवावेत आणि कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने क्रमांक घालावा. पेन वापरू नये. पत्रावर शक आणि तिथी असेल तर मूळ नोंद तशीच उतरवून घेऊन शेजारी इसवी सन लिहावा. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, मात्र पौषापासून पुढच्या महिन्यांत तो बहुधा ७९ मिळवून काढावा लागतो.

जपणुकीच्या बाबतीत आपल्या घरगुती सवयीच घात करतात. पावसाळा संपला की वह्यांना ऊन दाखवण्याची पद्धत सर्वत्र आहे. परंतु उन्हाने शाई उडते, आणि लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. वारा लागेल अशा सावलीत, पंख्याखाली वह्या उघडून ठेवणे पुरेसे असते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तिचा डिंक तपकिरी डाग होऊन कागदात उरतो. लॅमिनेशन तर कधीच करू नये. उष्णतेने प्लॅस्टिक कागदात रुतते आणि ते पुढे निर्धोकपणे सोडवता येत नाही. डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही. बंद खोलीत त्यांचा वास माणसालाच बाधतो. गंजलेल्या टाचण्या आणि रबरबँड काढून टाकावेत, आणि आम्लरहित खोके मिळेपर्यंत धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडाचे बासन वापरावे. जुन्या दफ्तरांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, याच कारणाने टिकले, असे माझे मत आहे.

गोदाकाठी राहणाऱ्यांसाठी पुराचा मुद्दा वेगळा सांगावा लागतो. २००८ आणि २०१६ या दोन्ही वर्षी नदीकाठच्या बाजारपेठेत पाणी शिरले होते. अशा घरांत तळमजल्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून कागद ठेवू नयेत; वाड्याची ओल भिंतीतून येतेच. कागद भिजलेच तर चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत आणि इस्त्री करू नये. साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, म्हणून थोडी पाने असतील तर टिपकागद घालून, तो वारंवार बदलत पंख्याखाली वाळवावीत. गठ्ठा मोठा असेल तर तो पिशव्यांत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवावा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि तज्ज्ञ गाठायला वेळ मिळतो.

‘आम्ही सगळे स्कॅन केले आहे’ हे वाक्य ऐकले की मला धास्तीच वाटते. मोबाइलवरील स्कॅनिंगची अ‍ॅप पान पांढरेशुभ्र करण्याच्या नादात पेन्सिलीच्या फिकट खुणा पुसून टाकतात. प्रतिमा रंगीतच घ्यावी, किमान ३०० डीपीआयची असावी, कोऱ्या वाटणाऱ्या मागच्या बाजूचीही घ्यावी, आणि मूळ कागद त्यानंतरही ठेवावा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधील फायली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की निरर्थक चिन्हे दिसतात, म्हणून अनेकांनी त्या बिघडलेल्या समजून पुसल्या आहेत. तसे करू नये. फॉन्टचे नाव लिहून ठेवावे, युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे आणि मूळ फाइलही राखावी, कारण रूपांतरात जोडाक्षरे चुकतात.

शेवटी हक्कांविषयी. आलेल्या पत्राचा कागद घरच्यांचा असला तरी त्यातील मजकुराचा कॉपीराइट पत्र लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो, आणि लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर तो मृत्यूनंतरची ६० वर्षे राहतो. १९९९ साली निवर्तलेल्या कुसुमाग्रजांच्या अशा लेखनावर तो २०५९ अखेरपर्यंत आहे. म्हणून संस्थेला कागद देताना तोंडी बोलण्यावर थांबू नये. काय दिले याची यादी, कोणती पत्रे किती वर्षे बंद ठेवायची, प्रती कोणाला देता येतील आणि संस्थेला सांभाळणे अशक्य झाल्यास कागद कोणाकडे जातील, हे सर्व लिहून दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी.