पावसाळी मायाळू : लागवड, तोडणी आणि पोषणमूल्याची जपणूक

मृगाच्या सरी स्थिरावल्या की उघड्यावरची मेथी आणि कोथिंबीर सडू लागते, पालकाची पाने चिखलाने माखतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मांडवावर चढलेला मायाळू जोमाने फुटतो. गोव्यात वालची भाजी, मंगळूरकडे बसळे आणि बंगालात पुईशाक म्हणून ओळखला जाणारा हा उष्ण, दमट आशियाचा वेल आपल्याकडे मात्र परसबागेत आणि भज्यांच्या पिठातच अडकून पडला आहे. जून ते ऑक्टोबर या काळात थोड्या क्षेत्रावर त्याची शिस्तीने लागवड करावी, असा आमचा सल्ला आहे.

बियांचे कवच कठीण असल्यामुळे पेरणीपूर्वी त्या रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. तरीही उगवण दोन-तीन आठवडे रेंगाळू शकते, म्हणून घाई असणाऱ्यांनी निरोगी वेलाचे तीन-चार पेरांचे छाटे लावावेत. जमीन कोणतीही चालते, पण मुळाशी पाणी साचता कामा नये. भारी जमिनीत गादीवाफे आणि बाजूने चर हवेतच. चांगले कुजलेले शेणखत भरपूर द्यावे. युरिया मात्र हात राखून टाकावा, कारण नत्राचा अतिरेक झाला की पाने दिसायला मोठी होतात, पण त्यांत नायट्रेट साठते आणि ती लवकर कोमेजतात. गटाराचे किंवा कारखान्याचे सांडपाणी पालेभाजीला कधीही देऊ नये.

वेल मांडवावर चढवण्याचा खर्च काहींना अनाठायी वाटतो. आमच्या मते तो टाळू नये, कारण जमिनीवर पसरलेल्या वेलाच्या पानांवर चिखल उडतो आणि दाट, ओल्या पाल्यात लालसर कडांचे ठिपके झपाट्याने पसरतात. ठिपक्यांची पाने वेळीच खुडून शेताबाहेर न्यावीत. दर आठ-दहा दिवसांनी तोडून खाल्ल्या जाणाऱ्या पिकावर रासायनिक फवारणीचा मोह आवरावा. मुळांवर गाठी दिसल्यास तो सूत्रकृमीचा प्रादुर्भाव समजावा, निंबोळी पेंड द्यावी आणि पुढच्या हंगामात त्या जागी झेंडू घ्यावा.

ग्राहकाला हा पाला का द्यावा, हे उत्पादकाला नेमके सांगता आले पाहिजे. 100 ग्रॅम ताज्या मायाळूत सुमारे 93 ग्रॅम पाणी आणि केवळ 19 किलोकॅलरी असतात, परंतु त्यातच साधारण 100 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, 109 मिलिग्रॅम कॅल्शियम, 140 मायक्रोग्रॅम फोलेट आणि अ जीवनसत्त्वात रूपांतर होणारे भरपूर कॅरोटीन मिळते. लोह जेमतेम 1.2 मिलिग्रॅम आहे, तेव्हा ‘रक्त वाढवणारी भाजी’ अशी पाटी लावू नये. शिवाय पानांतील ऑक्झलेटमुळे कॅल्शियम पूर्णपणे अंगी लागत नाही. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी बेताने खावी, आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मायाळूचे, म्हणजे उपोदिकेचे, वर्णन मधुर, स्निग्ध, शीत, मळ मोकळा करणारी, कफ वाढवणारी आणि मद उतरवणारी असे येते. तीच तिळाच्या कल्कात, म्हणजे वाटलेल्या तिळात, शिजवली तर अतिसार होतो, असा इशाराही तेथे आहे, जो गुणांची यादी सांगणारे सहसा गाळतात. पानांतील बुळबुळीतपणामुळे पोट साफ राहण्यास मदत होते, ही जुनी समजूत पटण्यासारखी आहे. गळवावर पानांचे पोटीस बांधण्याची रीतही जुनी आहे. मात्र भाजलेल्या जखमेवर वाटलेला पाला लावू नये, तेथे आधी स्वच्छ गार पाणीच धरावे. पाकिटबंद विक्री करणाऱ्यांनी रोग बरा करण्याचे दावे छापू नयेत, कारण 2006 च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे.

क जीवनसत्त्व उष्णतेने आणि वेळेने घटते, त्यामुळे पोषण टिकवण्याचे अर्धे काम शेतातच होते. पेरणीनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तोडणी सुरू करावी. सकाळी, दव ओसरल्यावर, वीतभर लांबीचे कोवळे शेंडे कापावेत आणि खाली दोन-तीन पेरे राखावीत, म्हणजे बगलेतून नवे फुटवे येतात. जुड्या ओलसर गोणपाटात सावलीत ठेवाव्यात. अतिथंड शीतपेटीत मायाळूची पाने काळवंडतात, त्यामुळे तो त्याच दिवशी विकला जाईल एवढाच कापावा. घरी तो चिरण्याआधी धुवावा आणि थोड्या पाण्यात झटपट शिजवावा, हेही ग्राहकाला आवर्जून सांगावे.

दिवस लहान होऊ लागले की वेल फुलावर येतो आणि पाने जाड होतात. तेव्हा तोडणी थांबवून चांगले दोन-चार वेल बियांसाठी सोडावेत. फळे पूर्ण जांभळी-काळी झाल्यावर चोळून गर धुऊन काढावा आणि बी सावलीत सुकवावे. त्या रसाचा डाग कपड्यावरून सहज जात नाही, म्हणून हे काम जुन्या कपड्यांत करावे.