ट्रकवर नव्यानं बसताय? झोपेचा हिशोब गाडी भरायच्या आधीच करा

नवीन पोरं गाडीवर आली की हमखास विचारतात, "रात्री झोप आली तर काय करायचं?" मी उलट विचारतो, "काल दुपारी काय करत होतास?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. लोडिंगच्या लायनीत उभा होतो.

आपली झोप तिथं जाते, रस्त्यावर नाही. भिवंडीचं गोदाम घ्या, कळंबोलीचा लोखंड बाजार घ्या, नाहीतर न्हावा शेवाचं बंदर. सकाळी सहाला उठून नंबर लावायचा. आपला नंबर कधी येईल ते कुणी सांगत नाही. दिवसभर गाडी चार फूट पुढं, परत थांब. संध्याकाळी माल भरला की ताडपत्री टाकायची, रस्सी ओढायची, काटा करायचा म्हणजे गाडीचं वजन करायचं, बिल्टीसाठी म्हणजे मालाच्या पावतीसाठी ऑफिसात बसायचं. शहराची नो एंट्री सुटते तोवर रात्रीचे दहा-अकरा वाजतात. आणि मग शेठचा फोन येतो, "निघाला का? सकाळी पोच पाहिजे."

आता हिशोब करा. सहाला उठलेला माणूस रात्री अकराला सतरा तास जागा असतो. सलग सतरा तास जागं राहिलं की माणसाचे हात-डोळे किती मंदावतात, याच्या चाचण्या शास्त्रज्ञांनी केल्यात. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यावर जी गत होते, तीच तेव्हा होते. आपल्याकडं कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे थेंबभरही न पिता तुम्ही पिलेल्या ड्रायव्हरच्या अवस्थेत गेटमधून बाहेर पडता, आणि खरी रात्र अजून पुढंच असते.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की लायनीत उभं असताना झोपा. गप्पा, पत्ते, मोबाईल हे सगळं नंतर. क्लीनरला सांगा, "नंबर आला की उठव, गाडी सरकवायची असेल तर उठव, एरवी हाक मारू नको." केबिनला पडदा लावा, डोळ्यांवर रुमाल टाका. सलग झोप लागली नाही तरी दुपारचे दीड-दोन तास मिळाले तर रात्र वेगळी जाते. क्लीनर नसेल तर मागच्या गाडीच्या ड्रायव्हरशी ठरवून घ्या. आधी तुम्ही झोपा, मग तो झोपेल. लायनीत हे सगळे करतात, विचारायला लाजू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. शरीराला स्वतःचं घड्याळ आहे आणि ते शेठच्या घड्याळावर चालत नाही. रात्री दोन ते पहाटे पाच हा सगळ्यात वाईट काळ. तुम्ही कितीही तगडे असा, त्या वेळी अंग झोपच मागतं. दुपारी दोन ते चारच्या मध्येही तशीच एक झापड येते, आणि जेवण भरपेट झालं असेल तर जास्तच. मी शक्य असेल तेव्हा बारा-साडेबारापर्यंत गाडी चालवतो, मग लावतो आणि पाच-साडेपाचला उठून निघतो. दोन ते पाच रेटून जे अंतर कापतो असं वाटतं, ते आपण सकाळी ताज्या डोळ्यांनी सहज भरून काढतो.

घाटात झोप येत नाही. कसारा असो, खंबाटकी असो, गिअर, ब्रेक, वळण, पुढची गाडी यातच जीव असतो. धोका घाट संपल्यावर आहे. सपाट रस्ता लागतो, अंग सैल पडतं आणि पापण्या जड होतात. समृद्धी महामार्गावर तर हे फार जपावं लागतं. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, मध्ये गाव नाही, चौक नाही, सिग्नल नाही. एकाच वेगानं एकसारखा रस्ता बघत राहिलं की डोळे उघडे असतात पण माणूस आत नसतो. वर्तमानपत्रात याला रस्ता संमोहन म्हणतात. त्या रस्त्यावर मी झोप येवो न येवो, दोन तासांनी सोयीच्या जागी थांबतोच. खाली उतरतो, टायर ठोकून बघतो, गाडीला एक चक्कर मारतो.

झोप येतेय हे ओळखायचं कसं? जांभई ही फार सुरुवातीची खूण झाली. मागचा टोल कधी गेला ते आठवत नाही, बोर्ड वाचला पण कळला नाही, गाडी पट्टा सोडून पांढऱ्या पट्टीवर जाते, गिअर चुकतो, रस्त्यात काहीतरी आडवं दिसतं आणि जवळ गेल्यावर काहीच नसतं. यातलं एकही झालं की पुढचा पंप गाठायचा आणि गाडी लावायची. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळपास ९० मीटर गाडी कुणाच्याच हातात नाही. आणि ती डुलकी लागून गेली हे आपल्याला बऱ्याचदा कळतही नाही.

काच खाली करणं, तोंडावर पाणी मारणं, गाणी मोठ्यानं लावणं, तंबाखू मळणं, यानं पाच-दहा मिनिटं निघतात. तेवढ्यात थांबायची जागा गाठा, इतकाच त्यांचा उपयोग. चहाचं मात्र एक तंत्र आहे. चहा किंवा कॉफी पोटात गेल्यावर अंगाला लागायला वीस-तीस मिनिटं घेते. म्हणून आधी चहा प्या, लगेच वीस मिनिटांचा गजर लावून आडवे व्हा. उठाल तेव्हा झोपेचाही फायदा आणि चहाचाही. उठल्या उठल्या स्टिअरिंग धरू नका, दहा-पंधरा मिनिटं पायी फिरा, कारण तेवढा वेळ डोकं सुन्न असतं. पण ही वीस मिनिटांची झोप पुढच्या तासा-दोन तासांपुरतीच आहे. रात्रीच्या झोपेची जागा ती घेत नाही. आणि बाराला झोपायचं ठरलं असेल तर संध्याकाळनंतर चहा बंद. त्याचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरलेला असतो.

झोप उडवायच्या गोळ्या आणि डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, यांच्याबद्दल स्पष्ट बोलतो. मध्य प्रदेश, राजस्थानकडच्या मार्गावर कुणी ना कुणी तुम्हाला ते देईल, आणि देणारा बहुधा जुना, प्रेमानं वागणारा ड्रायव्हर असेल. घेऊ नका. त्यानं झोपेची जाणीव जाते, झोप अंगात तशीच साठून राहते आणि उतरते तेव्हा एकदम उतरते. नंतर त्याच्याशिवाय गाडीच चालवता येत नाही. चांगले, हुशार ड्रायव्हर मी यात वाया गेलेले पाहिले आहेत.

आता गाडी कुठं लावायची. हायवेच्या कडेला कधीच नाही. मागून येणाऱ्यालाही झोप आलेली असू शकते. उजेड आणि कॅमेरा असलेला पंप किंवा गाड्यांची वर्दळ असलेला ढाबा बघा. पुष्कळ जण झोपत नाहीत ते डिझेलचोरीच्या आणि ताडपत्री फाडणाऱ्यांच्या भीतीनं, आणि ती भीती खोटी नाही. डिझेलची टाकी भिंतीकडे किंवा दुसऱ्या गाडीकडे येईल अशी गाडी लावा, टाकीला कुलूप घाला, पंपवाल्याला सांगून झोपा. तेल कंपन्यांनी काही पंपांवर 'अपना घर' नावाच्या खोल्या केल्यात. पलंग, आंघोळीची सोय, स्वयंपाकाची जागा असते. आपल्या मार्गावर त्या कुठं आहेत ते एकदा बघून ठेवा.

केबिन स्वच्छ ठेवा, मच्छरदाणी ठेवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, त्यामुळं नवीन गाडीवालं पोरगं उन्हाळ्यात दुपारी झोपू शकतं. जुन्या गाडीत पंखा आणि सावली यावरच भागवावं लागतं. पण एसीसाठी इंजिन चालू ठेवलं तरी काचा गच्च लावून झोपू नका, आणि थंडीत केबिनमध्ये शेगडी-स्टोव्ह पेटवून तर मुळीच नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

शेठशी बोलायचं ते गाडी भरायच्या आधी. रात्री दोनला फोनवर वाद घालून काही मिळत नाही. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा आणि एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू होण्याआधी निदान सलग नऊ तास विश्रांती घालून दिली होती. रस्त्यावर हे कुणी पाळताना दिसत नाही हे मला माहीत आहे. तरी मागणं रास्त आहे हे मनात पक्कं असलं की बोलताना आवाज पडत नाही. सरळ विचारा: लोडिंग किती वाजता सुटेल, खाली करायला गेट कधी उघडतं, दुसरा ड्रायव्हर आहे का. रावेरची केळी दिल्लीला न्यायची असतील तर माल थांबत नाही, तिथं एकट्यानं जायचं कबूलच करू नका. बाकी मालाला सांगायचं, "शेठ, रात्री एक ते पाच मी झोपणार, त्या हिशोबानं वेळ द्या." माल घेणाऱ्या पार्टीला खोटी वेळ सांगण्यापेक्षा खरी वेळ सांगणारा ड्रायव्हर चांगल्या शेठला आवडतो. ज्याला आवडत नाही त्याची गाडी सोडा. भाडी दुसरीकडेही मिळतात.

पुरेसं झोपूनही दिवसा पेंग येते, घोरणं शेजारच्या गाडीपर्यंत ऐकू जातं, सकाळी डोकं दुखतं, घरची म्हणते की झोपेत श्वास अडकतो, असं असेल तर डॉक्टरकडं जा. हा झोपेत श्वास थांबण्याचा आजार असू शकतो. जाड मान आणि सुटलेलं पोट असलेल्यांत तो जास्त दिसतो, आणि बैठ्या कामानं आपल्यात तशी माणसं पुष्कळ. त्यावर उपचार आहेत, रात्री लावायचं यंत्रही मिळतं.

घरी आल्यावर पहिली रात्र झोपेसाठी ठेवा. पोरं, पाहुणे, शेतातलं काम दुसऱ्या दिवशी. आणि निघायच्या आदल्या रात्री गावात जागरण-गोंधळ किंवा घरात लग्न असेल तर शेठला दोन दिवस आधीच सांगून ठेवा, "पहाटे नाही, दुपारनंतर निघतो." मग सकाळी उन्हं वर येईपर्यंत झोपा, जेवा आणि गाडीकडं या.