पहिल्या एमबीबीएसच्या पुरवणी परीक्षेची तयारी: पुस्तक मिटा आणि बोलायला लागा

विषय राहिला की पहिल्याच आठवड्यात नवी पुस्तके घेण्याचा मोह होतो. तो आवरावा, वर्षभर खुणा केलेले जुने पुस्तकच पुरेसे आहे. त्याऐवजी गुणपत्रिका समोर घ्या आणि आपण नेमके कुठे राहिलो, लेखी परीक्षेत की प्रात्यक्षिकात, ते पाहा. प्रत्येक विषयाला १०० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका आणि १०० गुणांची प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा असते. दोन्हींची किमान गुणांची अट स्वतंत्र असल्यामुळे लेखीतले जादा गुण प्रात्यक्षिकाची तूट भरून काढत नाहीत. मी असाच अडकलो होतो. वाचन भरपूर केले होते, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो, आणि पुढेही सांगत राहीन: रोज मोठ्याने बोलून उत्तरे द्या.

कागदपत्रांचे काम पहिल्या दोन दिवसांत संपवावे. अर्जाची शेवटची तारीख मित्राला विचारू नका, स्वतः विद्यार्थी विभागात जाऊन विचारा. हजेरीची अट लेखी विषयाला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के आहे. आपल्या नावापुढचा आकडा डोळ्यांनी पाहून घ्या. लॉगबुकमध्ये, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या नोंदवहीत, राहिलेल्या सह्या ताबडतोब घ्याव्यात, कारण सही करणारे शिक्षक नेमके त्याच आठवड्यात रजेवर जातात. पहिले वर्ष उत्तीर्ण होण्यासाठी चारच संधी मिळतात, तेव्हा ‘या वेळी नुसते बसून बघू’ हा विचार कृपा करून करू नये.

अॅनाटॉमीसाठी, म्हणजे शरीररचनेसाठी, हाड हातात घ्या. क्लॅव्हिकलचेच, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाचे, उदाहरण घेऊ. जाड, चौकोनी टोक छातीच्या मध्याकडे आणि चपटे टोक खांद्याकडे येते. आतल्या बाजूच्या दोन तृतीयांश भागाचा फुगवटा पुढे असतो आणि सबक्लेवियस स्नायूची खाच खालच्या पृष्ठभागावर असते. हे वाचायला अर्धे मिनिट लागते. आता पुस्तक मिटा, हाड स्वतःच्या छातीशी धरा, ते उजवे की डावे हे समोरच्याला कारणांसह सांगा, आणि ऐकणारा कोणी नसेल तर भिंतीला सांगा. तिसऱ्या वाक्याला अडखळाल. जिथे अडखळलात तेवढेच त्या दिवशी वाचायचे, बाकीचे तुम्हाला येते. मनात उत्तर येणे आणि तोंडाने उत्तर देता येणे यांत फार अंतर आहे, आणि परीक्षकाला तुमचे मन वाचता येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर हे टाळूच नये. आपल्याला विषय कळलेला असतो, पण इंग्रजी वाक्य जिभेवर बसलेले नसते आणि गप्प बसलो की ‘वाचलेच नाही’ असे समजले जाते.

फिजिऑलॉजीत, म्हणजे शरीरक्रियेच्या विषयात, आलेख काढता काढता बोला. रक्तपेशी मोजण्याच्या प्रयोगात कृती सर्वांना पाठ असते, प्रश्न मात्र ‘का’ असा येतो. पिपेटमधले (रक्त मोजून घेण्याच्या नळीतले) पहिले काही थेंब का टाकून द्यायचे? कारण नळीच्या बारीक भागात नुसते विरलन-द्रव (रक्त पातळ करण्याचा द्रव) असते, त्यात रक्त मिसळलेले नसते. पांढऱ्या पेशींसाठीच्या द्रवात ॲसेटिक आम्ल कशाला? तांबड्या पेशी फुटून बाजूला व्हाव्यात म्हणून. अशा प्रत्येक ‘का’चे उत्तर एका वाक्यात, आवाज काढून द्या. होय, पुन्हा तेच सांगतो आहे. बायोकेमिस्ट्रीत चयापचयाची चक्रे रोज कोऱ्या कागदावर काढावीत आणि नियंत्रक एन्झाइमे तोंडपाठ असावीत. याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

सोबतीला एकच अभ्यासू आणि थोडा खवचट मित्र निवडा. पाच जणांच्या गटात चहा होतो, व्हायवा होत नाही. मित्राने हवे ते हाड उचलावे, तुम्ही बोलावे, त्याने मध्येच तोडावे, परीक्षक तोडतातच.

निकाल घरी सांगितला नसेल तर आजच सांगा. ते ओझे घेऊन अभ्यास होत नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर अभ्यास बाजूला ठेवून कोणा माणसाशी बोला. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे आणि चोवीस तास चालू असतो.

शेवटच्या आठवड्यात नवे काहीही नको. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून लिहा, आकृत्या पेन्सिलीने काढा, स्लाइड पाहून घ्या. आदल्या रात्री ॲप्रन, प्रवेशपत्र, ओळखपत्र आणि सही झालेले लॉगबुक पिशवीत भरावे आणि झोपावे. सकाळी वाट पाहताना पुस्तक उघडू नका. मित्राला एक प्रश्न विचारायला सांगा आणि उत्तर मोठ्याने द्या, आजूबाजूचे हसले तरी.