चोबेला निघण्याआधी

यादीची सुरुवात कपड्यांनी करू नका, लशीच्या पिवळ्या पुस्तिकेने करा. आफ्रिकेतल्या बोत्सवाना देशातलं चोबे राष्ट्रीय उद्यान पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) पट्ट्यात येत नाही, पण मुंबईहून तिकडे जाताना बऱ्याचदा विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीला बदलावं लागतं, आणि इथिओपिया, केनिया हे दोन्ही देश त्या पट्ट्यातले. तुम्ही विमानतळाबाहेर पडलाच नाहीत हे परतल्यावर आरोग्य अधिकाऱ्याला पटलं तर सुटका, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. पहाटे तीन वाजता रांगेत उभं राहून हे पटवत बसण्यापेक्षा लस घेतलेली बरी. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो. एकदा घेतली की जन्मभर पुरते. साठीच्या पुढच्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं. त्याच भेटीत मलेरियाच्या गोळ्यांचंही विचारून घ्या, कारण चोबेत मलेरिया आहे. गोळ्या निघण्याआधी सुरू होतात आणि परत आल्यावरही चालू ठेवाव्या लागतात, औषधानुसार आठवडाभर किंवा चार आठवडे. नेमक्या तिथेच लोक कंटाळा करतात.

जोहान्सबर्गहून कासानेला, म्हणजे उद्यानाच्या दाराशी असलेल्या गावाला, थेट विमान आहे. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढा. तिकिटं वेगवेगळी असली आणि सामान जोहान्सबर्गला उतरवून पुन्हा द्यायची वेळ आली, तर दक्षिण आफ्रिकेचाही व्हिसा लागतो. मुलं बरोबर असतील तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीचं प्रतिज्ञापत्रही.

आता बॅग. पुढे ओकावांगोला, म्हणजे बोत्सवानातल्याच दलदलीच्या मुलखात, छोट्या विमानाने जाणार असाल तर कडक ट्रॉली चालत नाही. कापडी, दाबली तर दबणारी बॅगच हवी, आणि वजन साधारण १५ ते २० किलोच्या आत. आमच्या गटातल्या एका काकांनी धावपट्टीच्या कडेला ट्रॉली उघडून अर्धं सामान काळ्या पिशवीत भरलं, चकलीच्या डब्यासकट.

आफ्रिका म्हणजे ऊन, या समजुतीवर विसंबून मीही पहिल्यांदा निव्वळ सुती कपडे भरले होते. प्राणी बघायचे तर मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ, आणि त्यातले जून-जुलै तिकडचा हिवाळा. पहाटे सहाला उघड्या जीपमध्ये वारा कानात शिरतो आणि कॅमेऱ्याचं बटण बोटांना जाणवत नाही. स्वेटर, वाऱ्याचं जाकीट आणि हो, आपली माकडटोपीसुद्धा. लाज वाटून ती बॅगेत ठेवलीत तर दहा मिनिटांत काढाल. दुपारी हे सगळं उतरवून अर्ध्या बाह्यांवर यावं लागतं, म्हणून थरावर थर घाला. रंग मातकट असावेत, पण लष्करी छाप्याचे कपडे नकोत. व्हिक्टोरिया धबधब्यासाठी झांबिया-झिम्बाब्वेत शिरणार असाल तर तिथे ते घालायला बंदीच आहे.

ताडोबाला जाणाऱ्यांच्या डोक्यात ‘दिसला का?’ हा एकच प्रश्न असतो. तो इथे घरी ठेवून या. बोत्सवानात सुमारे १,३०,००० हत्ती आहेत, आणि कोरड्या दिवसांत आतले पाणवठे आटले की कळपच्या कळप चोबे नदीवर उतरतात. जीपच्या दोन फेऱ्या ठरवल्या असतील तर एक कमी करा आणि दुपारच्या बोटीची एक वाढवा. बोटीतून आम्ही हत्तींना सेदुदू बेटाकडे पोहत जाताना पाहिलं. अंग सगळं पाण्याखाली, वर फक्त सोंडेची टोकं, आणि मधल्या पिल्लाची सोंड दर थोड्या वेळाने बुडायची. मोठी हत्तीण त्याला खांद्याने वर ढकलत होती. (याच बेटावरून बोत्सवाना आणि नामिबियाचं भांडण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं होतं, १९९९ मध्ये बेट बोत्सवानाला मिळालं.) बोटीसाठी हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, पाण्यावरून उलटून येणाऱ्या उन्हासाठी सनस्क्रीन आणि कॅमेऱ्यासाठी एक प्लास्टिकची पिशवी. जीपमध्ये तीच पिशवी धुळीसाठी उपयोगी पडते.

खाण्यात चिवडा, भडंग, मेतकूट खुशाल न्या. पेढे, तूप, ताजी फळं नकोत. गुरांच्या रोगांमुळे तिथे दूधदुभतं आणि मांस फार काटेकोरपणे तपासतात. खोलीची खिडकी उघडी टाकून भडंग टेबलावर ठेवू नका, माकडं टपलेलीच असतात. शाकाहारी आहात हे बुकिंग करतानाच लिहून कळवा, आणि मासे-कोंबडीही चालत नाही हे वेगळं लिहा.

पैशांत थोडे पुला आणि थोडे डॉलर, नोटा नव्या आणि न फाटलेल्या. पुला म्हणजे त्यांच्या भाषेत पाऊस. कोरड्या देशाने चलनाला हे नाव द्यावं, हे मला फार आवडलं. प्लग बऱ्याच ठिकाणी आपल्या गीझरसारखा जाड, तीन गोल पिनांचा असतो, काही ठिकाणी इंग्लिश चौकोनी पिनांचा. दोन्ही ठेवा. ड्रोन घरीच राहू द्या.

आणि दुर्बिणी माणशी एक घ्या, आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची. आम्ही दोघांत एकच नेली होती. वाळूच्या पट्ट्यावर मगर आ वासून पडली होती तेव्हा ती हिच्या हातात, आणि मत्स्यगरुडाने मासा उचलला तेव्हाही हिच्याच.