रानावनातून थेट मित्राच्या लग्नात: कॅमेरा घेऊन जाताना या चुका टाळा

आधी काही दिवस डोंगर, जंगल, नदीकाठ असं मनसोक्त फिरायचं आणि तिथूनच थेट मित्राच्या लग्नाला पोचायचं, असा प्लॅन बरेच फोटोग्राफर करतात आणि प्लॅन भारीच असतो, पण होतं काय की माणूस लग्नात पोचतो आणि कॅमेरा अजून डोंगरातच असतो. म्हणजे सेटिंग्ज सगळ्या लँडस्केपच्या. डोंगर काय, तुमच्यासाठी तासभर थांबतो, मित्राच्या डोळ्यात आलेलं पाणी थांबत नाही, म्हणून हे जरा मनावर घ्याच.

जुन्या सेटिंग्ज तशाच राहणं

सगळ्यात जास्त फोटो याच्यामुळे जातात. ट्रायपॉडवर काम करताना आपण २ सेकंदांचा टायमर लावतो, तो तसाच राहतो, मग लग्नात बटण दाबलं की फोटो येतो दोन सेकंदांनी आणि तोवर ती मिठी मारून झालेली असते. ब्रॅकेटिंग (एकच दृश्य कमी-जास्त उजेडात ओळीने टिपणं) चालू राहिलं असेल तर एक फोटो नीट, एक काळा, एक पांढराफटक असं येत राहतं आणि लोकांना वाटतं कॅमेराच बिघडला. लेन्सवरचं बटण मॅन्युअल फोकसवर, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) १०० वर लॉक, ट्रायपॉडसाठी बंद केलेलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय) बंदच, व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) उन्हावर ठेवलेला त्यामुळे पिवळ्या दिव्यांखाली सगळे चेहरे नारिंगी. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची माहिती तशीच ठेवणारी फाइल) काढत असाल तर रंगाचं नंतर निस्तरता येतं, जेपेगमध्ये (कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो) फार हात चालत नाही.

यावर उपाय सोपाय आणि तो निघायच्या आधीच घरी करायचा. बऱ्याच कॅमेऱ्यांत डायलवर सी१, सी२ असे कस्टम मोड असतात, त्यातल्या एकात लग्नाचं सगळं सेव्ह करून टाका: शटर १/२०० सेकंदाच्या आसपास, ऑटो आयएसओ आणि त्याला ६४०० ची मर्यादा, कंटिन्युअस फोकस (हलणाऱ्या माणसावर फोकस धरून ठेवणारा), चेहरा ओळखणं चालू. हॉलमध्ये शिरताना डायल फिरवली की झालं. असा मोड नसेल तर आदल्या रात्री कॅमेरा सरळ रीसेट करा, फक्त रीसेटनंतर बहुतेक कॅमेरे जेपेगवर जातात, ते परत रॉवर आणायला विसरू नका.

आणि हो, लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) राहिलाय का बघा! एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काच) काळाकुट्ट असतो म्हणून लगेच कळतो, पोलरायझर लक्षात येत नाही आणि एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड गुपचूप खातो. कमी उजेडाच्या हॉलमध्ये फोटो कारण नसताना ग्रेनी येत असतील तर आधी इथे शंका घ्या.

सेन्सरवरची धूळ

वाऱ्यात, वाळूत लेन्स बदलली की धूळ आत जाणारच. एफ/२.८ वर (आकडा लहान म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं) ती दिसत नाही म्हणून आपण निवांत असतो आणि मग मोकळ्या आकाशाखाली एफ/८ ला ग्रुप फोटो काढला की सगळ्यांच्या डोक्यावर ठिपके. आदल्या दिवशी एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून झूम करून बघा. ठिपके दिसले तर मेन्यूतून क्लीनिंग मोड लावा, कॅमेरा तोंड खाली करून धरा आणि हातातल्या रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर अजिबात नको, थुंकी उडते, आणि स्प्रेच्या डब्यातली हवा पण नको, त्यातलं रसायन सेन्सरवर बसू शकतं.

थंडीतून एकदम उबेत

बाहेरची थंडी अंगात मुरलेला कॅमेरा गरम, माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये काढला की काचेवर वाफ धरते. लोक ती पुसत बसतात, पण काच गार आहे तोवर ती परत येणारच. बॅगची चेन बंद ठेवून अर्धा-एक तास बॅग आत नुसती ठेवून द्या, मग उघडा. वाफ धरलीच असेल तर त्या वेळी लेन्स काढू नका, ओल आत सेन्सरवर जाते.

फोटोत आडवे पट्टे

हे कॅमेऱ्याचं दुखणं नाही. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं, त्यात सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर पट्टे जास्तच. मेकॅनिकल शटर लावा, शटर १/१०० वर आणा (६० हर्ट्झ असेल तिथे १/१२०), अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकीशी शटर जुळवणारी सोय) असेल तर चालू करा. सजावटीच्या काही एलईडींची गत मात्र वेगळी असते, तिथे शटर थोडं थोडं बदलत बघायचं, दुसरा इलाज नाही.

लग्नाच्या फोटोग्राफरच्या वाटेत येणं

तुम्ही मित्र म्हणून गेलायत. ज्याला काम दिलंय त्याला आधी भेटा, मी कुठे उभा राहू विचारा, महत्त्वाच्या क्षणी त्याच्या फ्रेममध्ये घुसू नका आणि तुमचा फ्लॅश बंद ठेवा. माझं स्पष्ट मत आहे की पाहुण्या फोटोग्राफरने मुख्य विधींच्या मागे लागूच नये, त्यापेक्षा मित्राची आजी, कोपऱ्यात हसणारी भावंडं, जुन्या दोस्तांचा घोळका हे टिपावं, तिकडे कामावरच्या माणसाला वळायला वेळच नसतो.

कार्डांची सरमिसळ

ट्रिपची कार्डं वेगळी, लग्नाची वेगळी. "जागा नाही" आलं की हॉलमध्ये उभ्या उभ्या जुने फोटो उडवणं ही सगळ्यात वाईट आयडिया, नेमका हवा तोच जातो. ट्रिपचे फोटो दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. तरी चुकून उडालेच, तर ते कार्ड लगेच बाहेर काढा आणि त्यावर एकही नवीन फोटो घेऊ नका, कारण साध्या फॉरमॅटने बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, फोटो आतच असतात, नवीन फोटो त्यांच्यावर लिहिले गेले की मात्र संपलं. घरी येऊन रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा आणि निघालेले फोटो त्याच कार्डवर नाही, दुसऱ्या डिस्कवर सेव्ह करा.